पुरावा कुणी द्यायचा?

एक फॉर्म डोळ्यांसमोर आणा. तुमचं वय पस्तीस. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. आणि फॉर्म विचारतोय: कोणत्या तारखांना, किती तास, कुठल्या विषारी पदार्थाच्या संपर्कात आलात? हवेत त्याचं प्रमाण किती होतं? तुमचा आजार त्याच पदार्थामुळे झाला, असं लिहून देणारा डॉक्टर कोण?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही. तेव्हा तुम्ही इराकमध्ये ड्यूटीवर होतात. कचऱ्याचा खड्डा लष्कराच्या तळावर होता. तो पेटवायचा निर्णय लष्कराचा. त्यात काय जातं याची नोंद ठेवायची तर ती लष्कराने, हवा मोजायची तर तीही लष्करानेच. तुमच्या हातात होतं ते फक्त श्वास घेणं. आणि आता तेच सरकार म्हणतंय, पुरावा आणा.

अमेरिकेत हजारो माजी सैनिकांशी कित्येक वर्षं हाच व्यवहार चालू होता. १० ऑगस्ट २०२२ ला जो बायडन यांनी सही केलेल्या एका कायद्याने तो बदलला. कायद्याच्या लांबलचक नावात हीथ रॉबिन्सन या ओहायोच्या सैनिकाचं नाव आहे. कोसोव्हो आणि इराकमध्ये नोकरी करून आलेला हा माणूस २०२० मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. वय ३९. बोलताना सगळे या कायद्याला ‘पॅक्ट अ‍ॅक्ट’ म्हणतात.

या कायद्याची चर्चा कायम आकड्यांची होते. इतके अब्ज डॉलर, इतके लाख लाभार्थी. मला त्यातली खरी गोष्ट एका वाक्यात मावणारी वाटते: माहितीच उपलब्ध नसेल तर तोटा कुणी सोसायचा, हे या कायद्याने उलटं केलं. एवढं करायला अमेरिकेला अख्खी दोन युद्धं लढून होईपर्यंत वेळ लागला, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ते फक्त गणवेशापुरतं केलं, ही त्याहून लाजिरवाणी.

मी आरोग्यविम्याचे क्लेम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. या कामात एक प्रश्न रोज येतो आणि तो फारसा कुणाला महत्त्वाचा वाटत नाही: फील्ड रिकामं असेल तर काय करायचं? क्लेम नाकारायचा, पुढे सोडायचा, की कुणाला तरी विचारायला परत पाठवायचा? कोडमध्ये ही एक ओळ असते. मीटिंगमध्ये तिच्यावर दोन मिनिटंही जात नाहीत. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याचं काय होणार, हे नेमकं त्या ओळीत ठरतं. डिफॉल्ट कधीच आपोआप येत नाही. कुणीतरी बसून, कुणाच्या तरी सोयीने तो ठरवलेला असतो. पॅक्ट अ‍ॅक्टकडे मी याच नजरेने बघतो.

*

आधी तो खड्डा समजून घेऊ. बगदादच्या उत्तरेला बलद इथे अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. तिथला ‘बर्न पिट’ सुमारे दहा एकरांवर पसरलेला होता आणि २००७ च्या सुमारास त्यात रोज शंभर ते दोनशे टन कचरा जळत होता. प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, बॅटऱ्या, रंगाचे डबे, रबर, दवाखान्यातला कचरा, मैला. पेटवायला विमानाचं इंधन. इराक आणि अफगाणिस्तानातल्या कितीतरी तळांवर असे खड्डे होते आणि राहण्याचे तंबू त्यांच्यापासून फार लांब नव्हते. भट्टी बसवायला वेळ आणि पैसा लागतो, खड्डा फुकट असतो, एवढंच त्यामागचं गणित.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने इराकमधल्या चार बर्न पिटची पाहणी केली. लष्कराचे स्वतःचे नियम चारपैकी एकाही ठिकाणी पूर्ण पाळले जात नव्हते. खड्ड्यातून नेमकं काय बाहेर पडतंय, याचे नमुने घेऊन तपासणीही होत नव्हती.

आता दुसरं टोक बघा. २००७ ते २०२० या काळात बर्न पिटशी संबंधित १२,५८२ दावे माजी सैनिकांच्या खात्याकडे आले. त्यातले २,८२८ मंजूर झाले. म्हणजे चारातले तीन जण, खरं तर त्याहून थोडे जास्तच, रिकाम्या हाताने परत गेले. कारण बहुतेक वेळा एकच: आजार आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध झालेला नाही.

मध्ये २०१४ मध्ये या खात्याने एक ऑनलाइन रजिस्ट्री सुरू केली. कुठे होतात, किती धूर होता, काय त्रास होतो, हे सैनिकांनी भरायचं. लाखो लोकांनी ते भरलं. पण रजिस्ट्री वेगळी, दावा वेगळा. तिथे नाव नोंदवलं म्हणून दावा मंजूर होत नसे. ज्याने युजरचा डेटा घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही अशी अ‍ॅप्स आपण सगळ्यांनी वापरली आहेत. इथे युजर मरत होता, एवढाच फरक.

*

‘पण विज्ञान काय म्हणतं?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण माझ्यासारखे इंजिनिअरिंग शिकलेले लोक तो सर्वांत आधी घेतात. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे आपल्याला घोटून शिकवलेलं असतं. आणि खरंच, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये बलदच्या खड्ड्याबद्दल अहवाल दिला तेव्हा दीर्घकालीन आजारांविषयी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं. २०२० मध्ये नॅशनल अकॅडमीजने श्वसनविकारांचा अभ्यास केला, तेव्हाही उत्तर तसंच आलं: पुरावा अपुरा.

आता ‘अपुरा’ हा शब्द नीट वाचा. त्याचा अर्थ ‘धूर निरुपद्रवी होता’ असा नाही. कोण किती धुरात किती दिवस होतं याची धड मोजमापंच नव्हती, त्यामुळे शास्त्रज्ञ हो म्हणू शकत नव्हते आणि नाहीही म्हणू शकत नव्हते. शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे ‘सांगता येत नाही’ म्हटलं आणि खात्याने ते ‘संबंध नाही’ असं वाचलं. सर्व्हर ज्याचा, लॉग ठेवायची जबाबदारी त्याची. त्याने लॉगिंग बंद ठेवलं आणि मग ‘लॉगमध्ये एरर दिसत नाही, म्हणजे एरर आलीच नाही’ असं सांगितलं, तर तुम्ही त्याला विज्ञान म्हणाल का?

पुरावा शोधायला जे गेले त्यांना काय सापडलं, तेही सांगतो. केंटकीमधल्या फोर्ट कॅम्पबेलच्या तळावरचे सैनिक दम लागण्याची तक्रार घेऊन व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे पोचले. नेहमीच्या तपासण्यांत बहुतेकांचं काहीच निघत नव्हतं, स्कॅनही जवळजवळ नॉर्मल. डॉक्टरांनी ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला. ३८ जणांना कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिस होता. यात फुप्फुसातल्या सर्वांत बारीक नळ्या व्रण पडून आक्रसतात आणि त्या पूर्ववत होत नाहीत. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातल्या अनेकांनी २००३ मध्ये मोसुलजवळच्या मिश्राकच्या गंधकाच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा धूरही घेतला होता. म्हणजे आजार होता, पण तो सिद्ध करायला छाती उघडून तुकडा काढावा लागत होता. नोकरीमुळे आजारी पडलेल्या माणसाने आधी ऑपरेशन करून घ्यावं आणि मग रांगेत उभं राहावं, अशी ही व्यवस्था.

आणि विज्ञान ‘हो’ म्हणाल्यावर तरी सरकार लगेच हललं का? व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंजचा उच्च रक्तदाबाशी संबंध दाखवणारा पुरावा पुरेसा आहे, असं नॅशनल अकॅडमीजने २०१८ मध्ये सांगितलं. तरीही रक्तदाब यादीत आला तो २०२२ मध्ये, याच पॅक्ट अ‍ॅक्टमुळे. चार वर्षं पुरावा होता आणि दावा नव्हता. रक्तदाब लाखो म्हाताऱ्या माणसांना असतो, त्यामुळे बिल मोठं येणार होतं. पुरावा नव्हता तेव्हा विज्ञानाचं नाव, पुरावा आला तेव्हा पैशाचं. आक्षेप बदलत गेला, उत्तर मात्र तेच राहिलं.

*

पॅक्ट अ‍ॅक्टने काय केलं? इंग्रजीत त्याला ‘प्रिझम्प्शन’ म्हणतात, मराठीत गृहीतक म्हणू. तुम्ही ठराविक देशात, ठराविक तारखेनंतर नोकरी केली आहे का? तुम्हाला यादीतला आजार आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो आजार नोकरीतूनच आला असं सरकार गृहीत धरेल. इराक, कुवेत, सौदी वगैरे देशांसाठी २ ऑगस्ट १९९० पासून. अफगाणिस्तान, सीरिया, जिबूती वगैरेंसाठी ११ सप्टेंबर २००१ पासून. मेंदूचा, मूत्रपिंडाचा, स्वादुपिंडाचा, श्वसनमार्गाचा कॅन्सर, नोकरीनंतर सुरू झालेला दमा, सीओपीडी आणि तो आक्रसणाऱ्या नळ्यांचा आजारही. शिवाय माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत नाव असलेल्या प्रत्येकाची पाच वर्षांतून किमान एकदा ‘कशाच्या संपर्कात आला होतात का’ अशी विचारपूस करायची.

तारीख आणि ठिकाण सरकारच्याच रेकॉर्डमध्ये असतं, आजार डॉक्टरांच्या. सैनिकाला जे कधीच माहीत असू शकत नव्हतं ते विचारणं बंद झालं. मे २०२४ पर्यंत या कायद्याखालचे दहा लाख दावे मंजूर झाले होते. तीच माणसं, तेच आजार, तोच धूर. बदललं होतं ते फक्त रिकाम्या फील्डचं उत्तर.

ही युक्ती नवीनही नव्हती. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात जंगलं उघडी करायला विषारी औषधं फवारली गेली. त्या सैनिकांसाठी गृहीतकाचा कायदा आला १९९१ मध्ये. अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नदीकाठी फवारणीचा आदेश दिला होता. त्यांचा मुलगा त्याच नद्यांवर गस्ती बोटीचा कमांडर होता. तो १९८८ मध्ये कॅन्सरने गेला, ४२ व्या वर्षी. अ‍ॅडमिरलनी पुढची वर्षं सैनिकांना भरपाई मिळावी म्हणून झगडण्यात घालवली. बायडन यांचा मोठा मुलगा बो बलदला होता आणि २०१५ मध्ये मेंदूच्या कॅन्सरने गेला. मला या दोन्ही बापांबद्दल सहानुभूती आहे. पण सत्तेत बसलेल्या माणसाच्या घरात मरण आल्यावरच फाईल हलत असेल, तर ज्यांचे बाप अ‍ॅडमिरल नाहीत त्यांनी काय करायचं?

*

पैशाच्या आक्षेपाकडे येऊ. दहा वर्षांत सुमारे २८० अब्ज डॉलर. मोठा आकडा आहे. जून २०२२ मध्ये सिनेटने हा कायदा ८४ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केला होता. एका तांत्रिक दुरुस्तीसाठी तो परत आला, तेव्हा २७ जुलैला पंचवीस रिपब्लिकन सिनेटरांनी आपलं मत फिरवलं आणि तो अडकला. त्यांचा मुद्दा हिशेबाच्या रकान्याचा होता: हा खर्च दरवर्षी मंजुरी लागणाऱ्या रकान्यातून अनिवार्य रकान्यात का टाकता? आजारी माजी सैनिक आणि त्यांच्या घरचे संसदेच्या पायऱ्यांवर रात्रंदिवस बसून राहिले. विनोदवीर जॉन स्टुअर्ट त्यांच्यासोबत टीव्ही कॅमेऱ्यांसमोर ओरडत राहिला. २ ऑगस्टला तोच कायदा ८६ विरुद्ध ११ ने पास झाला.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांचा खर्च वर्षानुवर्षं नेहमीच्या बजेटबाहेरून, तातडीचा खर्च म्हणून मंजूर होत राहिला. बाँबला रकान्याचा नियम नव्हता. ब्राँकिओलायटिसला मात्र दरवर्षी रांग लावा. माझ्या मते उपचाराचा खर्च हा युद्धाचाच खर्च आहे, फक्त हप्ता उशिरा येतो. ज्या दिवशी खड्डा पेटवला त्या दिवशीच हे कर्ज घेतलं गेलं.

‘यात न लायक लोकही पैसे घेऊन जातील.’ हो, जातील. ७५ वर्षांच्या माणसाला रक्तदाब व्हिएतनामला न जाताही झाला असता. पण कुठलीही गाळणी लावा, ती दोन प्रकारे चुकते. एक तर ज्याला मिळायला नको त्याला देते, नाही तर ज्याला मिळायला हवं त्याला नाकारते. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत, हे स्पॅम फिल्टर लिहिणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मग निवड करावी लागते. पहिल्या चुकीची किंमत करदात्यांच्या मोठ्या तिजोरीत विरून जाते. दुसऱ्या चुकीची किंमत एक घर एकट्याने भरतं. जुन्या व्यवस्थेनेही निवड केलीच होती. तिने दुसरी चूक स्वस्त मानली, आणि त्या निवडीला ‘काटेकोरपणा’ असं गोंडस नाव दिलं.

*

आता माझी या कायद्याविरुद्धची तक्रार. गृहीतक गणवेशाच्या बाहीपाशी संपतं.

इराकमधल्या त्या तळांवर स्वयंपाक करणारे, कपडे धुणारे, सफाई करणारे हजारो लोक कंत्राटी कामगार होते: भारतीय, नेपाळी, फिलिपिनो, बांगलादेशी. अमेरिकी भाषेत त्यांना ‘तिसऱ्या देशाचे नागरिक’ म्हणत. तोच धूर, तीच हवा. पॅक्ट अ‍ॅक्टमध्ये ते कुठेच नाहीत. कंत्राटी कामगारांसाठी १९४१ चा वेगळा कायदा आहे, ज्यात मालकाच्या विमा कंपनीकडे दावा करायचा. गावी परतलेल्या आचाऱ्याने पंधरा वर्षांनी दम लागल्यावर अमेरिकेत दावा ठोकायचा! सैनिकांनी आणि कामगारांनी मिळून केबीआर या ठेकेदार कंपनीवर खटले भरले होते. २०१८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हे लष्करी निर्णय आहेत, कोर्टाने त्यात पडायचं नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. म्हणजे कंपनी म्हणते लष्कराला विचारा, आणि लष्कराचा कायदा म्हणतो तू आमचा नाहीस.

आणि बलदचे इराकी? ते तिथे वर्षभराच्या ड्यूटीवर नव्हते, ते तिथे राहतात. व्हिएतनामच्या लोकांचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. एजंट ऑरेंज बनवणाऱ्या कंपन्यांनी १९८४ मध्ये अमेरिकी सैनिकांशी १८ कोटी डॉलरची तडजोड केली. व्हिएतनामी पीडितांचा खटला मात्र २००५ मध्ये अमेरिकी कोर्टाने फेटाळला. एकच रसायन, एकाच्या बाबतीत तडजोड आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘सिद्ध करा’.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या घरात बघा. साताऱ्या-कोल्हापुरात घराघरातून पोरं सैन्यात जातात. आपल्याकडे १९८२ च्या नियमांत सैनिकाच्या बाजूचं गृहीतक स्पष्ट लिहिलेलं होतं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. तरीही सरकार अपंगत्व पेन्शन नाकारत राहिलं, कोर्टात अपिलं करत राहिलं. शेवटी २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाला हेच नियम सरकारला वाचून दाखवावे लागले. नंतर नियमच नव्याने लिहिले गेले. २०२३ च्या नव्या नियमांवर माजी सैनिकांच्या संघटनांनी जोरदार आक्षेप घेतले आहेत. अमेरिका जिथे उशिरा पोचली तिथे आपण कागदावर आधीच होतो, आणि आता तिथून मागे सरकण्याची भीती आहे. १५ ऑगस्टला स्टेटस ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी ही बातमी वाचली?

म्हणून मला वाटतं, कुठलीही योजना, कुठलाही कायदा, कुठलंही पोर्टल समोर आलं की रकमेच्या आकड्याआधी हे वाचा: कागद नसेल तर काय होतं? ज्याने नोंदी ठेवायच्या होत्या त्याने ठेवल्या नाहीत, तर शिक्षा कुणाला? आपल्या पिढीतले बरेच जण पुढची तीस वर्षं असेच फॉर्म, अशीच रूल इंजिनं बनवणार आहेत. सैनिकाच्या, खाणकामगाराच्या, गटारात उतरणाऱ्या माणसाच्या दाव्याचं फील्ड रिकामं आलं की काय करायचं, ती ओळ आपल्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. ती लिहिण्याआधी मीटिंगमध्ये हात वर करा आणि विचारा, की हे फील्ड भरायची जबाबदारी नक्की कुणाची होती. उत्तर ‘आपली’ असेल, तर रिकाम्या फील्डचा तोटा त्या माणसाच्या माथी मारायचा अधिकार आपल्याला नाही.